वापरातल्या यंत्रणेकडे : सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतून आयटी सपोर्टमध्ये येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोज ग्राहकांकडे एक छोटी फाइल पाठवली. चूक ध्यानात येऊन ती मागे घेतली तेव्हा १० वाजून ५७ मिनिटे झाली होती. मधल्या ७८ मिनिटांत ज्या संगणकांनी ती फाइल उतरवून घेतली ते निळ्या पडद्यावर अडकले. सुरू व्हायचे, पडायचे, पुन्हा सुरू व्हायचे, पुन्हा पडायचे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने असे सुमारे ८५ लाख संगणक होते. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

त्या सकाळपासून दोन कामे शेजारीशेजारी चालू झाली. पहिले अभियंत्यांचे. क्राउडस्ट्राइकने ६ ऑगस्टला कारणमीमांसेचा अहवाल प्रसिद्ध केला. नव्या साच्यात २१ रकाने धरले होते, त्यांना मूल्ये पुरवणारा कोड मात्र २० च देत होता. एकविसावे वाचायला गेलेला प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचू लागला आणि विंडोजने यंत्र थांबवले. प्रत्येक अभियंत्याने वाचावा असा तो अहवाल आहे. दुसरे काम ज्यांनी केले त्यांना या अहवालाची वाट पाहणे शक्य नव्हते. त्यांचा उपाय तीन ओळींत मावणारा होता : यंत्र सेफ मोडमध्ये आणा, २९१ क्रमांकाची ती फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. पण यंत्रच उभे राहत नसल्याने हा उपाय बहुतेक ठिकाणी नेटवर्कवरून लागू करता येईना. यंत्रागणिक माणूस लागणार होता. त्यात डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद. ती उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की. काही संस्थांत या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोही निळ्या पडद्यावर होता. घरून काम करणाऱ्या, आयुष्यात कधी सेफ मोड न पाहिलेल्या माणसाला फोनवर ४८ आकडे एकेक करून सांगायचे, त्याने ते टंकायचे, आणि एखादा चुकला तर न चिडता तो शोधायचा.

हे पुस्तक त्या दुसऱ्या कामाविषयी आहे. ज्यांनी काही वर्षे पहिले काम केले आणि आता दुसऱ्याकडे वळत आहेत, किंवा वळावे की नाही या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ते लिहिले आहे.

तुम्ही का येत आहात, याची कारणे मला थोडीफार ठाऊक आहेत. कोणाची हिंजवडीतली किंवा ऐरोलीतली नोकरी कपातीत गेली. कोणी सांगलीला किंवा जळगावला आईवडिलांजवळ परत जायचे ठरवले आणि तिथे प्रॉडक्ट कंपनी नाही, पण सहकारी बँक आहे, साखर कारखाना आहे, दोनशे खाटांचे रुग्णालय आहे. कोणाला वर्षानुवर्षे एकाच मायक्रोसर्व्हिसची एकच बाजू पाहून, ती वापरणारा माणूस एकदाही न भेटल्याची बोच लागली. यातले कोणतेही कारण कमी प्रतीचे नाही. तुमच्या मनात आणि तुमच्या घरच्यांच्या मनातही एक प्रश्न असणार : हे खाली उतरणे आहे का? पगाराच्या आकड्यापुरते अनेकदा ते तसे असते, आणि त्याबद्दल पुढे मी स्पष्ट लिहिले आहे. ज्ञानाच्या दृष्टीने मात्र माझे ठाम मत वेगळे आहे. सपोर्टला स्वतःचा अभ्यासविषय आहे, स्वतःची पद्धत आहे, आणि चाळीसेक वर्षांत जमत आलेले वाङ्मयही आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याचा तास होत नाही, म्हणून ते नाही असे आपण धरून चालतो.

अभ्यासविषय कोणता? वापरात असलेली यंत्रणा. अभियंता यंत्रणा घडवतो तेव्हा ती कशी चालावी हे त्याला माहीत असते. सपोर्टचा माणूस तीच यंत्रणा या इमारतीत, या वायरवर, या माणसाच्या सवयींसह आज कशी चालते ते पाहतो. घर बांधणाऱ्याकडे नकाशा असतो. आषाढात कोणत्या भिंतीला ओल धरते ते राहणाऱ्याला कळते. दोन्ही ज्ञाने खरी आहेत, पण दुसरे पहिल्यातून आपोआप निघत नाही. ते प्रत्येक जागी जाऊन मिळवावे लागते.

एक साधे उदाहरण घेतो, कारण या क्षेत्राचा स्वभाव त्यात नेमका दिसतो. लॅपटॉप संथ चालतो अशी तक्रार येते. तुम्ही विचारता, ‘मॅडम, एकदा रिस्टार्ट केलात का?’ उत्तर येते, ‘अहो, रोज संध्याकाळी बंद करूनच घरी जाते मी.’ तुम्ही रिमोट घेता, टास्क मॅनेजरमध्ये पाहता, तर यंत्र सलग १९ दिवस चालू असल्याची नोंद. नवखा अभियंता इथे मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो की बाई खोटे बोलतात. बाई खरे बोलत असतात. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. ती चालू असताना ‘शट डाऊन’ केले की वापरकर्त्याचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे खरोखर नव्याने उभे राहते. म्हणजे बंद करून चालू करणे आणि रिस्टार्ट करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि रोज नेमाने यंत्र बंद करणाऱ्या माणसाचाच कर्नल सगळ्यांत जुना असू शकतो.

या एका प्रसंगात तुमचे जुने ज्ञान कामी येते : साचत गेलेली अवस्था, न सुटलेली कुलुपे, मेमरीची गळती. ‘रिस्टार्ट करून पाहा’ हा सल्ला का लागू पडतो ते तुम्हाला इतरांपेक्षा चांगले समजते. पण इथे आणखी एक गोष्ट लागली, ती जुन्या कामात क्वचित लागायची. समोरच्याचे म्हणणे आणि यंत्राची नोंद यांत विसंगती दिसली तर दोन्ही खरी असतील अशी तिसरी शक्यता शोधायची. मी या क्षेत्राचा पहिला नियम कोणता मानतो असे विचाराल, तर हाच.

दुसरे उदाहरण थोडे गुंतागुंतीचे. एका अधिकाऱ्याचे खाते रोज सकाळी पावणेआठच्या सुमारास लॉक होते. हेल्पडेस्कवरचा मुलगा ते उघडून देतो, तिकीट बंद करतो. दुसऱ्या दिवशी नवे तिकीट. आठवडाभर हेच. तिकिटांची यादी पाहिली तर प्रत्येक तिकीट वेळेत सुटलेले दिसते. मग कोणीतरी डोमेन कंट्रोलरवर ४७४० क्रमांकाची घटना शोधतो. खाते लॉक झाले की ही नोंद पडते आणि चुकीचा पासवर्ड कुठून आला त्या यंत्राचे नाव तिच्यात असते. नाव मेल सर्व्हरचे निघते. म्हणजे कुठल्यातरी उपकरणातला मेल जुन्या पासवर्डाने दार ठोठावतो आहे. फोन तपासला, तो ठीक. शेवटी प्रश्न विचारला जातो, ‘सर, घरी आणखी काही आहे का, ज्यात कधीकाळी ऑफिसचा मेल टाकला होता?’ आहे, एक जुना टॅब्लेट. शाळेची व्हॅन येईपर्यंत मुलगी त्यावर चित्रे पाहते. टॅब्लेट चालू झाला की दोन वर्षांपूर्वीचा पासवर्ड घेऊन तो सर्व्हरकडे धावतो.

या उत्तरापर्यंत लॉग वाचून अर्धाच रस्ता कापता येतो. उरलेला अर्धा प्रश्न विचारून, आणि तो प्रश्न असा विचारून, की घरचा टॅब्लेट मुलीच्या हातात असतो हे सांगताना समोरच्याला संकोच वाटू नये. मुलाखत घेणे हे या क्षेत्रात तपासाचे साधन आहे. पुस्तकाचा एक पूर्ण भाग मी त्याला दिला आहे आणि तो कमी पडला असे मला अजूनही वाटते.

या कामाकडे अभ्यासाचा विषय म्हणून प्रथम गंभीरपणे पाहिले ते मानववंशशास्त्रज्ञांनी, आणि तेही झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. ल्युसी सचमन यांचे ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ १९८७ साली आले. फोटोकॉपी यंत्राला जोडलेली एक हुशार मदतप्रणाली वापरताना माणसे काय करतात, काय बोलतात, हे त्यांनी चित्रित करून बारकाईने तपासले. मदतप्रणालीने वापरणाऱ्याचा बेत आधीच गृहीत धरला होता. माणसे मात्र समोर काय घडते ते पाहत पाहत पुढचे पाऊल ठरवत होती. दोघांची चुकामूक होत होती आणि यंत्राला ती कळण्याचा मार्ग नव्हता. आज चॅटबॉटला पहिल्या पातळीचे तिकीट देण्याची चर्चा जोरात असताना हे पुस्तक पुन्हा वाचावे.

ज्युलियन ऑर यांचे ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ (१९९६) माझ्या दृष्टीने या क्षेत्राचा पाया आहे. झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ऑर हिंडले. कंपनीने पायरीपायरीच्या सूचनांची जाड पुस्तके दिली होती : ही खूण दिसली तर हे तपासा, नसेल तर ते. तंत्रज्ञ त्यांचा उपयोग करत, पण अवघड यंत्रापाशी पुस्तक थांबायचे. तिथून पुढे ते एकमेकांना गोष्टी सांगत. जेवताना, न्याहारीला, यंत्राच्या पोटात हात घालून बसलेले असताना. अमक्या ठिकाणी हाच कोड दिसला होता, पण दोष भलत्याच भागात होता. तमक्या कार्यालयात कागदाचा गठ्ठा खिडकीपाशी ठेवायचे. ऑर यांनी दाखवून दिले की या गोष्टी म्हणजे फावल्या वेळच्या गप्पा नव्हत्या. निदान त्यातूनच घडत होते, आणि पुढच्या तंत्रज्ञापर्यंत ज्ञान त्यातूनच पोहोचत होते. पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, इतर तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि लिहिणाऱ्याचे नाव तिच्याखाली राहायचे. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तुम्ही ज्या नॉलेज बेसमध्ये लेख लिहिणार आहात त्याचे कुळ इथे आहे. नाव खाली राहणे किती महत्त्वाचे होते, हे मी ज्या ज्या संस्थेत सल्ला दिला तिथे आवर्जून सांगत आलो. निनावी नॉलेज बेस लवकर कोरडा पडतो.

याच्या समांतर दुसरा प्रवाह कारभाराचा. ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक मध्यवर्ती संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयटिल या नावाने पुस्तिका काढायला सुरुवात केली; २०१९ साली तिची चौथी आवृत्ती आली. आयटिलमध्ये प्रक्रियेचा बोजा बराच आहे, त्यावरची टीकाही रास्त आहे. पण त्यातल्या एका भेदासाठी मी तिचा ऋणी आहे. ‘इन्सिडेंट’ म्हणजे सेवेत पडलेला खंड. ‘प्रॉब्लेम’ म्हणजे त्या खंडाचे मूळ. दोन्ही हाताळण्याची पद्धत, घाई आणि यशाची खूण वेगळी. अभियंत्याचे शिक्षण त्याला सरळ मुळाकडे नेते. सपोर्टमध्ये आधी माणसाचे अडलेले काम सुरू करायचे असते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेत किंवा नगरपालिकेत घडू शकेल असा प्रसंग घ्या. अकरा वाजता सभा आहे. विषयपत्रिकेची फाइल दुसऱ्या टेबलावरच्या नव्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. तुम्हाला रोग क्षणात कळतो. मजकूर श्रीलिपीच्या किंवा सीडॅकच्या एखाद्या जुन्या फाँटमध्ये टंकला आहे. अशा फाँटांत फाइलमध्ये साठतात ते रोमन लिपीचे संकेतांक आणि देवनागरी फक्त फाँटच्या चित्रांत असते, त्यामुळे फाँट नाही तिथे मराठी नाही. खरा उपाय युनिकोड. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. हे सगळे बरोबर आहे आणि पावणेअकराला त्याचा काही उपयोग नाही. त्या क्षणी जुन्या यंत्रावरून पीडीएफ काढून छापणे हेच काम. सभा सुरू झाली, इन्सिडेंट संपला. प्रॉब्लेम दुपारनंतर हाती घ्यायचा, आणि तोही दिसतो तेवढा तांत्रिक नाही. टंकलेखन करणाऱ्या ताईंचा हात वीस वर्षे टाइपरायटरच्या कळफलकावर बसला आहे. त्यांना इन्स्क्रिप्टवर आणायचे की जुनाच कळफलक युनिकोडवर चालेल असे साधन द्यायचे, हा निर्णय त्यांच्याशेजारी बसल्याशिवाय घेता येत नाही. हजारो जुन्या फाइलींचे रूपांतर करताना जोडाक्षरे कुठे फुटतात तेही त्याच सांगतील. एन्कोडिंग तुम्हाला येते. या कार्यालयात ते कसे नांदते ते त्यांना येते.

तुम्ही बरोबर काय आणता? पुष्कळ. लॉग वाचण्याची भीती नसणे, ही फार मोठी ठेव आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची शिस्त. ‘काल चालत होते’ म्हटल्यावर ‘काल काय बदलले’ हे विचारण्याची सवय. आणि स्क्रिप्ट लिहिता येणे. २००६ साली पॉवरशेल आल्यापासून विंडोजच्या जगातही शंभर यंत्रांवरचे काम एका फाइलीत बसू लागले. तुमच्या नव्या चमूत ते सहज लिहिणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल, आणि पहिल्याच महिन्यात तुम्हाला ‘आपण हे ऑटोमेट करू’ असे म्हणावेसे वाटेल.

इथे मात्र थोडे थांबा, असे मी आग्रहाने सांगतो. विकासकाच्या हाताशी टेस्ट एन्व्हायर्नमेंट असते, रोलबॅक असतो. तुमच्या स्क्रिप्टखालची चारशे यंत्रे एकसारखी नसतात. एकावर वसुली विभागाचे दहा वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर असते, जे जावाच्या एकाच जुन्या आवृत्तीवर चालते. एकाला क्ष-किरण यंत्र जोडलेले असते. अशा यंत्रांची यादी कुठेही लिहिलेली नसते. आधी पाच यंत्रांवर, मग एका मजल्यावर, मग सगळीकडे. आणि त्या पाचांत लेखा विभागाचे एक यंत्र असलेच पाहिजे. क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणातून त्या कंपनीनेही हाच धडा घेतला. अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याची व्यवस्था तिने नंतर जाहीर केली.

आणखी एक सवय सैल करावी लागेल. ‘माझ्याकडे तर नीट चालते आहे’ म्हणून बग परत पाठवण्याची सोय इथे नाही. दोष घडवून दाखवता आला नाही तरी समोरच्याचे काम अडलेलेच असते. घड्याळ मागे पडलेला एक जुना डेस्कटॉप घ्या. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो, रोज रात्री वीज बंद केली की तारीख काही वर्षे मागे जाते. मग प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित दिसते, कारण प्रमाणपत्रांची मुदत त्या तारखेला सुरूच झालेली नसते. डोमेनवरचे लॉगिनही अडते, कारण कर्बेरॉस साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. तुमच्या टेबलावरून हे कधीच दिसणार नाही. जागेवर जावे लागते.

पासवर्ड रिसेट हे सर्वांत हलके तिकीट समजतात आणि नव्या माणसाच्या हाती पहिले तेच देतात. त्याविषयी माझे मत उलट आहे. तो माणसाची ओळख पटवण्याचा निर्णय आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम रिसॉर्ट्सवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी हेल्पडेस्कला फोन करून कर्मचारी असल्याचे भासवले, असे वृत्त तेव्हा सर्वत्र आले. कंपनीने नुकसानीचा आकडा सुमारे १० कोटी डॉलर सांगितला. फोनवरचा आवाज घाईत आहे, साहेबांचे नाव घेतो आहे, रागावतो आहे. त्याला नम्रपणे ‘सर, मी तुमच्या नोंदणीकृत नंबरवर परत फोन करतो’ म्हणणे आणि त्यावर टिकून राहणे हे कौशल्य आहे. तुमच्या वरिष्ठांनी अशा वेळी तुमच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न तुम्हीच विचारा.

या क्षेत्राची व्याप्ती किती, हे पाहायचे असेल तर २७ जून २०१७ कडे पाहावे. नॉटपेट्या या विध्वंसक सॉफ्टवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे काही तासांत निकामी केले. न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरात मर्स्कच्या गटाकडे असलेले टर्मिनलही त्यात सापडले. जगभरात मर्स्कचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते आणि ते एकमेकांचीच प्रत ठेवत, पण सगळे एकदमच पुसले गेले. एक वाचला. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथून इंटरनेटवरून माहिती इंग्लंडला पाठवायची तर वेग पुरेना. घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती ती दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला पोहोचला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले. यातले एक पाऊलही कोणत्या आराखड्यात नव्हते. वीज, व्हिसा, बँडविड्थ, विमानाची वेळ आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांचा एकत्र विचार करू शकणारी माणसे त्या कंपनीत होती, म्हणून ते झाले.

आता पगार आणि वेळ. सुरुवातीचा पगार बहुधा कमी मिळेल. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या वेळेवर चालणाऱ्या प्रकल्पात रात्रपाळी येईल आणि ती शरीराला लागते. पदनामामुळे काही जण तुमच्याशी वेगळे बोलतील. त्यात पूर्वीचे सहकारीही असतील. मोजमापांचा जाच असेल. सरासरी किती मिनिटांत फोन संपवला, पहिल्याच फोनवर किती तिकिटे सुटली. टॅब्लेटच्या प्रकरणात हीच मोजमापे आठवडाभर हिरवी दिसत होती, हे लक्षात ठेवा आणि बैठकीत संधी मिळाली की बोला. तुमच्या अभियांत्रिकीच्या अनुभवामुळे तुमचे ऐकले जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. तिचा उपयोग शेजारच्या खुर्चीवरच्या मुलासाठी करा, ज्याने कदाचित एमएस-सीआयटी आणि हार्डवेअरचा कोर्स करून हे काम मिळवले आहे आणि जो प्रिंटरचा आवाज ऐकून रोलर झिजला आहे हे सांगू शकतो. पहिले सहा महिने तो तुमचा गुरू आहे.

लहान गावातल्या एकट्या आयटी विभागाविषयी वेगळे प्रकरण आहे. सहकारी बँकेत किंवा रुग्णालयात तुम्ही एकटेच असता, तेव्हा एल वन, एल टू, एल थ्री या पातळ्या कागदावर राहतात. केबल तुम्ही ओढता, बॅकअप तुम्ही घेता, कोअर बँकिंगच्या विक्रेत्याला फोन तुम्ही लावता आणि काउंटरवर रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तुम्हीच सांगता. अभियंता म्हणून ज्यांनी अनेक थर पाहिले आहेत त्यांना ही जागा सर्वांत जास्त शिकवते, असे मी पाहिले आहे. तिथे रजा मिळणे मात्र कठीण, म्हणून रुजू होतानाच बदली माणसाची सोय लेखी करून घ्यावी.

पुस्तक सलग वाचण्याची गरज नाही. रुजू होण्याआधी ओळख आणि परवानग्यांवरचे प्रकरण वाचा; पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक तिकिटांचा उगम तिथे असतो. डीएनएस आणि डीएचसीपी तुम्हाला येत असेल असे धरून मी त्याचा सिद्धान्त सांगितला नाही, फक्त ते बिघडल्यावर वापरकर्ता कोणत्या शब्दांत तक्रार करतो त्यांची जंत्री दिली आहे : ‘नेट आहे पण काहीच उघडत नाही’, ‘शेजारच्याचं चालतंय, माझंच नाही’. मुलाखतीवरचा भाग दोनदा वाचावा, एकदा आता आणि एकदा तीन महिन्यांनी. विंडोजसंबंधीच्या नोंदी दहा आणि अकरा या दोन्ही आवृत्त्यांसाठी आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले असले तरी ती यंत्रे अनेक टेबलांवर अजून चालू आहेत आणि त्यांची जबाबदारी तुमच्यावर येणार आहे. अशी यंत्रे नेटवर्कवर वेगळी कशी ठेवावीत ते शेवटच्या प्रकरणात आले आहे. प्रत्येक प्रकरणाअखेर काही पाने कोरी सोडली आहेत. त्यांवर तुमच्या संस्थेतली प्रकरणे लिहा : तारीख, यंत्राचे नाव, वापरकर्त्याचे नेमके शब्द, काय तपासले, काय निघाले, आणि खाली तुमचे नाव.